दोरी ओढली की मशीन हातातून दोरी मागे हिसकतं. कार्बोरेटर साफ केला, तरी सुरू व्हायला फार त्रास

गवतपात

नमस्कार मंडळी. माझ्याकडे मागून ढकलायचं, पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं मशीन आहे. चार स्ट्रोकचं इंजिन, एक सिलिंडर, १६० सीसी. शाफ्ट उभा आहे, म्हणजे पातं थेट क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या मुख्य शाफ्टच्या) खालच्या टोकाला बसतं. चोकला हाताचा खटका आहे, ऑटो चोक नाही. मागच्या हंगामाच्या शेवटी मशीन झाकून ठेवलं होतं. आता गवत घोट्याच्या वर आलंय आणि हे काही धड सुरू होत नाही.

काय होतं ते नीट लिहितो. चोक लावून दोरी ओढली की बहुतेक वेळा नुसतंच फिरतं. मध्येच एखाद्या ओढीला 'फट्' असा आवाज येतो आणि दोरी इतक्या जोरात उलटी खेचली जाते की मूठ हातातून सुटते. बोटं चांगलीच दुखावली आहेत. फार वेळ खटपट केली तर कधीकधी सुरू होतं. एकदा सुरू झालं की चालतं, पण पूर्वीचा जोर वाटत नाही, आणि अधूनमधून कार्बोरेटरच्या बाजूने उलटा फटाका आल्यासारखा आवाज येतो.

आतापर्यंत केलेलं: जुनं पेट्रोल पूर्ण काढून ताजं भरलं. नवा प्लग बसवला, गॅप ०.७६ मिमी. एअर फिल्टर धुऊन वाळवला. कार्बोरेटर उघडून बाऊल (खालची पेट्रोलची वाटी) आणि जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक) साफ केले. ऑइल पातळीला आहे. तरीही फरक नाही. सगळे म्हणतात कार्बोरेटरच बदल. नवा घ्यावा का? घेण्याआधी इथे विचारावं म्हटलं.

चोकवाला

जेट साफ केला म्हणताय, पण तो प्रकाशाकडे धरून आरपार पाहिलात का? मेन जेटचं भोक मिलिमीटरच्या अंशाएवढं असतं, आणि सुकलेल्या पेट्रोलचा पिवळा थर त्यात असला तरी स्प्रे मारल्यावर ते स्वच्छच दिसतं. विजेच्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार घेऊन फिरवा. स्टीलची तार नको, भोक मोठं होतं. जेटच्या वर एक पितळी नळी असते, तिच्या बाजूला बारीक भोकं असतात, तीही बघा. आणि बाऊलमधलं पेट्रोल एकदा काचेच्या बरणीत काढा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल धरतं, जास्त दिवस पडून राहिलं की पाणी खाली बसतं आणि बरणीच्या तळाला वेगळे थेंब दिसतात.

चोक काढला की बंद पडतं का? तसं असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा मधल्या गॅस्केटमधून हवा ओढली जातेय.

टॅपेट

गवतपात, नवा कार्बोरेटर आत्ता घेऊ नका.

वरचा सल्ला चुकीचा नाही. मशीन बरेच महिने उभं राहून नंतर सुरू होत नसेल, तर बहुतेक वेळा पेट्रोलच कारण असतं. पण तुमच्या वर्णनात एक गोष्ट अशी आहे जी पेट्रोलने होत नाही, आणि सगळे तीच सोडून बोलतायत: दोरी मागे हिसकते. जेट तुंबलेलं इंजिन हिसका देत नाही, ते नुसतं फिरतं. पेट्रोल जास्त झालेलं, म्हणजे ओव्हरफ्लो झालेलं इंजिनही हिसका देत नाही, प्लग काळा-ओला होतो आणि ते मुकाट राहतं. हिसका म्हणजे आत स्फोट व्यवस्थित झालाय, पण नको त्या वेळी. म्हणजे पेट्रोल पोचतंय, करंट येतोय, कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला दाब) आहे. तिन्ही जागेवर असताना बिघडलेली असते ती वेळ.

थोडं खोलात सांगतो, कारण हे समजलं की उगाच सुटे भाग घेणं थांबतं. पिस्टन वर येत असतो, पूर्ण वर पोचायच्या थोडं आधी प्लग ठिणगी देतो. या आकाराच्या बऱ्याच इंजिनांत हे साधारण २० अंश आधी असतं. पेट्रोल पेटून दाब वाढायला जो क्षण लागतो तेवढ्यात पिस्टन टोक ओलांडून खाली निघालेला असतो, आणि दाब त्याला खालीच ढकलतो. आता ठिणगी याहून बरीच आधी पडली तर? पिस्टन अजून चढतोय, वरून दाब येतो. चालू इंजिनात फ्लायव्हीलचा (क्रँकच्या वरच्या टोकावर बसवलेल्या चाकाचा) वेग इतका असतो की ते रेटून नेतं. दोरीच्या ओढीला तो वेग नसतो. पिस्टन अर्ध्या वाटेतून माघारी फिरतो, क्रँक उलटा फिरतो, आणि दोरीला जोडलेला तुमचा हात त्याबरोबर जातो.

ठिणगीची वेळ या इंजिनांत तुम्ही-आम्ही लावत नाही. फ्लायव्हीलच्या कडेला बसवलेला मॅग्नेट ठिणगीचा करंट देणाऱ्या कॉइलसमोरून जातो, तेव्हा ठिणगी पडते. म्हणजे फ्लायव्हील क्रँकवर जिथे बसलंय त्यावर वेळ ठरली. ती जागा पक्की करायला दोघांच्या खाचेत एक छोटी चावी बसवलेली असते, बऱ्याच इंजिनांत मऊ धातूची. पातं एखाद्या दगडाला किंवा मुळाला आपटून एकदम थांबलं, तर क्रँक जागच्या जागी थांबतो, पण वरचं जड फ्लायव्हील त्याच दिशेने पुढे सरकू पाहतं. चावी अर्धवट कातरली जाते. फ्लायव्हील किंचित पुढे, मॅग्नेट कॉइलसमोर लवकर, ठिणगी लवकर. चावी पूर्ण तुटली तर इंजिन सुरूच होत नाही आणि माणूस दुरुस्तीला देतो. अर्धवट कातरली तर तुमच्यासारखं होतं. कधी सुरू, कधी हिसका, जोर कमी, उलटे फटाके.

हिसक्याला आणखी दोन कारणं असतात, ती आधी तपासा, कारण त्यांना काही उघडावं लागत नाही.

पहिलं, पातं. उभ्या शाफ्टच्या मशीनमध्ये फ्लायव्हील मुद्दाम हलकं ठेवलेलं असतं, त्याचा उरलेला भार पातं उचलतं. पात्याचा बोल्ट सैल असेल तर तो भार मिळत नाही आणि टायमिंग बरोबर असूनही हिसका बसतो. पातं काढून नुसतं इंजिन सुरू करून बघू म्हणणाऱ्यांचे हात याच कारणाने झिणझिणतात. पात्याला हात लावण्याआधी प्लगची कॅप काढून बाजूला बांधून ठेवा. हे मी प्रत्येक वेळी सांगतो आणि प्रत्येक वेळी सांगणार. पातं हाताने फिरवलं म्हणजे क्रँक फिरतो, आत एक घोट पेट्रोलची वाफ असली तर इंजिन एक ठोका देऊ शकतं, आणि बोटांना तो एकच पुरतो. मशीन आडवं करताना एअर फिल्टर आणि कार्बोरेटर वरच्या बाजूला येतील असं करा, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये शिरतं आणि दुसरीच अडचण उभी राहते.

दुसरं, टॅपेटचा गॅप, म्हणजे वॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागातली फट. या इंजिनांत कॅमवर (वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) एक छोटी सोय असते: दोरीच्या कमी वेगाला एक वॉल्व्ह किंचित उघडा धरून थोडा दाब सोडून देते, म्हणून दोरी हलकी ओढता येते. गॅप फार वाढला की ही सोय वॉल्व्हपर्यंत पोचतच नाही. पण मग दोरी *प्रत्येक* ओढीला एका ठरावीक जागी जड लागते, हिसका बसो वा न बसो. तुमची तशी लागते का?

आणि मुख्य प्रश्न. मशीन ठेवण्याआधी पातं कशाला आपटलं होतं का?

गवतपात

टॅपेट दादा, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला. हो. शेवटच्या कापणीला गवतात दडलेला एक लोखंडी खुंटा पात्याला लागला होता. मोठा आवाज झाला, मशीन जागच्या जागी बंद पडलं. पात्याची धार एका जागी चेपली होती, ती मी कानशीने घासून घेतली. तेव्हा लगेच पुन्हा सुरू करून पाहिलं नव्हतं, तसंच झाकून ठेवलं. त्यामुळे उभं राहिल्यामुळेच बिघडलं, असंच आजपर्यंत धरून चाललो होतो.

आज पाहिलेलं: कॅप काढून, मशीन आडवं करून पातं हलवलं. बोल्ट घट्ट आहे, पात्याला खेळ नाही. दोरी सुरुवातीला हलकीच ओढली जाते, ठरावीक जागी जड लागत नाही. चोकवाला दादांनी सांगितल्याप्रमाणे जेटमधून तांब्याची तार फिरवली, भोक मोकळंच होतं. बरणीत पाणी दिसलं नाही. चोक काढल्यावर बंद पडत नाही.

आता फ्लायव्हील उघडायचं म्हणजे काय काय करावं लागेल? कधी उघडलेलं नाही.

टॅपेट

मग नव्वद टक्के तेच. उघडा, घाबरण्यासारखं काही नाही, फक्त घाई करू नका.

प्लगची कॅप काढा, पेट्रोलचा कॉक असेल तर बंद करा. वरचं दोरीचं झाकण तीन-चार बोल्टांवर असतं, ते निघालं की खाली फ्लायव्हील दिसेल, मधोमध नट. झाकण काढताना दोरीची स्प्रिंग सुटू देऊ नका, तिला हात लावायची गरजच नाही. हँडलचा बार सोडल्यावर फ्लायव्हीलला दाबून धरणारा ब्रेक असतो, तो बाजूला घ्यायला हँडलचा बार दोरीने बांधून दाबलेला ठेवा. कॅप निघालेली आहे ना हे पुन्हा एकदा बघा, कारण बार बांधलेला आहे म्हणजे आता इंजिन बंद करणारं दुसरं काहीच नाही.

नट सोडवताना फ्लायव्हील पट्ट्याच्या पान्याने धरा. पंख्याच्या पात्यांमध्ये स्क्रूड्रायव्हर अडकवू नका, ती बिडाची किंवा ॲल्युमिनियमची असतात, तुकडा पडला की फ्लायव्हीलचा तोल गेला. नट सैल झाला की तो पूर्ण काढण्याआधी वरून मॅग्नेट आणि खाच बघा. फ्लायव्हीलची खाच आणि क्रँकची खाच एका रेषेत असायला हव्यात. अर्धवट कातरलेल्या चावीत त्या वरूनच थोड्या पुढे-मागे दिसतात. पुष्कळदा इथेच निदान होतं.

चावी काढायला फ्लायव्हील उचलावं लागेल, आणि इथे लोक हातोडा घेतात. शाफ्टच्या उघड्या टोकावर हातोडा मारला की आटे जातात आणि मॅग्नेटलाही धक्का बसतो. फ्लायव्हीलमध्ये पुलरसाठी (ते ओढून काढायच्या हत्यारासाठी) दोन भोकं असतात, पुलर मिळवा. मिळवून देणारा कोणी ओळखीचा असेल तर एका संध्याकाळीपुरता मागून आणा, पण पुलरच वापरा. एवढ्या एका हत्याराबाबत मी अजिबात तडजोड करत नाही.

चावीबद्दल एक गैरसमज आहे, तो काढून टाका. फ्लायव्हील चावीने धरलेलं *नसतं*. शाफ्ट तिथे निमुळता आहे, फ्लायव्हीलचं भोकही तसंच निमुळतं, आणि नट आवळला की दोन्ही एकमेकांत रुतून पकड बसते. चावी फक्त जागा दाखवते. म्हणून बसवताना ते दोन्ही पृष्ठभाग कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसून घ्या. ऑइल नको, ग्रीस तर मुळीच नको. आणि नट तुमच्या इंजिनच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कलाच (आवळायच्या ठरलेल्या जोरालाच) आवळा. नट ढिला राहिला की पुढच्या धक्क्याला नाही, साध्या चालण्यातही नवी चावी कातरते.

नवी चावी तुमच्या इंजिनचीच घ्या. कोणी म्हणेल एकदा स्टीलची घाला, पुन्हा तुटायची नाही. ऐकू नका. मग धक्का चावीऐवजी क्रँकच्या खाचेला बसतो, आणि चावी बदलता येते तशी खाच बदलता येत नाही.

निळा पाना

टॅपेट यांच्या म्हणण्यात एक भर. वरचं सगळं उघडलेलंच आहे तर कॉइलचा गॅपही बघून घ्या, कारण फ्लायव्हील काढून पुन्हा बसवल्यावर तो बदललेला असू शकतो. बऱ्याच इंजिनांत ०.२५ ते ०.३५ मिमीच्या आसपास असतो. कॉइलचे दोन्ही स्क्रू ढिले करा, फ्लायव्हील फिरवून मॅग्नेट बरोबर कॉइलसमोर आणा, मध्ये त्या जाडीची फिलर गेज किंवा जाड कागदाचं कार्ड ठेवा, मॅग्नेट कॉइलला स्वतःच ओढून घेईल, मग स्क्रू आवळा आणि फ्लायव्हील फिरवून कार्ड बाहेर काढा. हात दुखत असले तरी हे काम फार सोपं आहे. मॅग्नेटला गंज चढला असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकासा काढा.

गवतपात

उघडलं! नट सैल करून वरून पाहिलं तेव्हाच कळलं. दोन्ही खाचा एकमेकींपासून साधारण चावीच्या निम्म्या जाडीएवढ्या सरकलेल्या. फ्लायव्हीलची खाच फिरण्याच्या दिशेने पुढे, अगदी तुम्ही म्हणालात तशी. पुलर लावून काढलं (मित्राकडून आणला). चावी बाहेर आली ती मधोमध पायरीसारखी कापलेली. दोन्ही तुकडे अजून थोडेसे जोडलेले होते म्हणून इंजिन कधीतरी सुरू होत होतं.

निमुळते भाग पुसून, नवी चावी घालून, नट टॉर्कला आवळून, कॉइलचा गॅप कार्डने लावून सगळं परत बसवलं. चोक लावून दोरी ओढली आणि लगेच सुरू झालं. हिसका नाही, उलटे फटाके नाहीत. गवताचा एक पट्टा कापून पाहिला, जोर पहिल्यासारखा आहे. कार्बोरेटरवर खर्च करायला निघालो होतो, तो वाचला. सगळ्यांचे मनापासून आभार.

एक शंका राहिली. आता चालताना हँडलला हलकी थरथर जाणवते. ती आधीही होती की आत्ता लक्ष गेलं म्हणून जाणवतेय, हे सांगता येत नाही. चालवत राहू का?

टॅपेट

नाही. थरथर नक्की कशाची ते कळेपर्यंत चालवू नका.

खुंट्याला लागून इंजिन जागच्या जागी थांबलं, तेव्हा तो धक्का चावीने घेतला हे दिसलं. पण चावीपर्यंत पोचण्याआधी तो पात्यातून, पात्याच्या खालच्या पकडीतून आणि क्रँकच्या टोकातून गेलाय. या तीन जागा बघायच्या राहिल्या आहेत.

आधी पातं. ज्या बाजूला कानस चालवली त्या बाजूचं वजन कमी झालंय. पातं काढून मधल्या भोकात भिंतीला ठोकलेला एक खिळा घाला आणि आडवं धरून सोडा. एक बाजू खाली गेली तर तोल नाही. जड बाजूची धार थोडी घासून तोल आणता येतो, पण पातं वाकलेलं किंवा चीर गेलेलं असेल तर ते सरळ करायच्या फंदात पडू नका, नवं घ्या. चीर असलेलं पातं फिरताना तुटलं तर तुकडा कुठे जाईल हे कोणाच्या हातात नाही.

मग पात्याची पकड, म्हणजे शाफ्ट आणि पात्याच्या मधला तो बिडाचा भाग. काही मशीनमध्ये तिथेही एक चावी असते, तीही कातरली आहे का बघा.

सगळ्यात महत्त्वाचा शाफ्ट. पातं काढून ठेवा, प्लग पूर्ण बाहेर काढा, त्याची कॅप लांब बांधा. म्हणजे इंजिन सुरू व्हायचा प्रश्नच नाही. मशीन एअर फिल्टर वर ठेवून आडवं करा, दुसऱ्या कोणाला बार दाबून दोरी सावकाश ओढायला सांगा आणि तुम्ही लांबून, हात न लावता, क्रँकच्या टोकातल्या बोल्टच्या भोकाकडे बघा. भोक एका जागी स्थिर फिरायला हवं. ते छोटंसं वर्तुळ काढत फिरत असेल तर शाफ्ट वाकलाय.

शाफ्ट स्थिर असेल तर पात्याचा तोल करून निश्चिंत चालवा. वाकलेला असेल तर मात्र हातोड्याने किंवा प्रेसवर सरळ करून देतो म्हणणाऱ्याकडे देऊ नका. सरळ केलेल्या शाफ्टला आत बारीक चीर राहू शकते, आणि तिथेच तुटला तर पातं फिरत असताना सुटतं. अशा वेळी क्रँक नवाच लागतो. त्याचा खर्च आणि दुसऱ्या इंजिनाचा खर्च शेजारी ठेवून बघा, बहुतेक वेळा दुसरं इंजिनच परवडतं.

शाफ्ट बघितलात की इथे लिहा.

गवतपात

पाहिलं दादा. बोल्टचं भोक जागेवरच फिरतंय, हलत नाही. पकडीची चावी शाबूत आहे. पातं मात्र खिळ्यावर लावल्याबरोबर एका बाजूला गेलं, आणि सपाट फरशीवर ठेवलं तेव्हा एक टोक फरशीपासून थोडं वर राहिलं. म्हणजे वाकलंय. नवं पातं आणि सोबत नवा बोल्ट मागवलाय, तोवर मशीन बंद ठेवलं आहे.